कंसातला चार

वाशी, ११ जानेवारी २०२५

चि. सुचिता,

ती तक्रार मी केलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पुढचं तू वाचशील याची खात्री नाही. माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. तुझा बंगळूरचा पत्ता तुझ्या आईनेही दिला नाही. "पोरीला इचारल्याबिगर नाय देनार," म्हणाल्या. शेवटी तुझ्या नव्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरून काढला. तिथे तुझ्या नावापुढे 'तात्पुरती नियुक्ती' असं आहे, तेही वाचलं.

घडलेलं सगळं पुन्हा क्रमाने मांडते. तुझ्या डोक्यात काही वेगळाच क्रम बसला असावा असा मला संशय आहे.

आपल्या त्रैमासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकात तुझा लेख आला. पावणे गावातल्या तुमच्या गाळ्यातून भाडेकरू गेल्यावर तू तिथे स्वतः यंत्र जोडलंस आणि आकाशातून येणारा म्यूऑन नावाचा कण किती काळ जगतो ते चार महिने मोजलंस. उत्तर छापलं गेलं : २.१९ मायक्रोसेकंद. तीन आठवड्यांत खारघरच्या संस्थेकडे निनावी पत्र गेलं. तिथे तुझी व्याख्याता म्हणून निवड झाली होती, रुजू व्हायचं बाकी होतं. पत्रात म्हटलं होतं की, गाळ्यातल्या साधनांवर मोजलेला आकडा इतका नेटका येत नाही, त्यात किती कमी-जास्त होऊ शकतं हेही लेखिकेने दिलेलं नाही, तेव्हा हा आकडा पुस्तकातून उतरवला असावा. चौकशी समिती नेमली गेली. तुझी नेमणूक थांबली. नोव्हेंबरात तू मला फोन केलास आणि एवढंच म्हणालीस, "काकू, त्या पत्राची भाषा तुमची आहे."

ते पत्र समितीने मलाही पाठवलं. मी ते कितीदा वाचलं असेल! भाषा माझी आहे, हे मान्य. आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडली आहे. 'म्यूऑन'मधला 'म्यू' दीर्घ आहे. 'दोन ते पाच' लिहिलंय, मधे रेघ नाही, कारण ती रेघ वजाबाकीची वाटू शकते. 'सिद्ध झाले' असं कुठेही नाही, 'आढळले' आहे. 'चूक' आणि 'त्रुटी' यांत गल्लत नाही. हे सगळं माझ्या 'लेखनसंकेत' पुस्तिकेतलं आहे. पण त्या पुस्तिकेच्या चाळीस प्रती मी वाटल्या. एक तुझ्याकडे आहे. म्हणजे माझ्याशिवाय चाळीस माणसं.

त्या पत्रात एक शब्द मात्र पुस्तिकेतला नाही. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

समितीने मला विचारलं होतं की, लेखिका म्हणते मूळ प्रतीत आकड्यापुढे कंसात त्रुटी, म्हणजे किती कमी-जास्त होऊ शकतं ते, दिली होती, ती संपादनात गेली का? मी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं : 'आमच्याकडे फक्त शुद्धलेखन व विरामचिन्हे तपासली जातात. आशयात बदल केला जात नाही.' याचा तुला राग आला, हे मला माहीत आहे. पण बावीस वर्षं मी हे संपादनाचं काम करते आहे आणि मी खरं तेच लिहिलं.

तुझी,
काकू

वाशी, २६ जानेवारी २०२५

चि. सुचिता,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. उत्तर नाही.

मी वरदला भेटून आले. तूही मनातल्या मनात त्याचंच नाव घेतलं असशील. निवडयादीत तुझ्याखाली तोच होता. तुझी नेमणूक गेली तर जागा त्याला. पुस्तिकेची प्रत त्याच्याकडे आहेच. पहिल्या पानावर 'वरदला, शिस्तीसाठी' असं मीच लिहून दिलं होतं.

सरळ विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं. म्हणून मी त्याला आठ दिवसांपूर्वी पुढच्या अंकासाठी म्यूऑनवर दोन पानी टिपण मागितलं. त्याने ते लगेच पाठवलं. मी शिसपेन्सिल घेऊन बसले. 'म्युऑन' सगळीकडे ऱ्हस्व. '२-५' मधे रेघ. '५०किलो' एकत्र. पहिल्याच परिच्छेदात 'सिद्ध झाले'. इतक्या चुका मुद्दाम केल्या असतील असं वाटून मी त्याचे जुने तीन लेख काढून पाहिले. त्या लेखांतही त्याच चुका होत्या, प्रत्येक वेळी मीच सुधारलेल्या.

तरी गेले. मेट्रोने त्याच्या संस्थेपाशी उतरले. कँटीनमध्ये बसलो. तो माझ्या हातातल्या कागदांकडे बघत होता.

"काकू, तुम्ही माझं टिपण छापायला मागितलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "का रे?"

"कारण तुम्ही चुकांना लाल करता. ह्याच्यात नुसत्या खुणा मोजल्यायत." मग म्हणाला, "तुम्हाला वाटतं मी लिहिलं ते."

मी नाही म्हटलं नाही.

"समितीने मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं, तिचं यंत्र मी पाहिलंय. असा आकडा त्याच्यावर येऊ शकतो. पण एक खटकलं तेही सांगितलं. तिने त्रुटी दिली नाही. काकू, सुचिता साधं पाण्याचं तापमान सांगताना पण 'अर्धा अंश इकडेतिकडे' म्हणते. ती विसरेल? तुमच्याकडे तिची मूळ प्रत असेल ना?"

मी म्हटलं, असेल.

"बघितली?"

मी चहा संपवला आणि निघाले. त्याच्यावरचा संशय पूर्ण गेला असं लिहिणार नाही. त्याने तुझी बाजू घेतली तरी तुझी नेमणूक गेली की जागा त्यालाच मिळणार आहे. पण त्याच्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, हे तुला सांगायला हवं.

काकू

वाशी, ९ फेब्रुवारी २०२५

सुचिता,

मूळ प्रत सापडली. हरवलेली नव्हतीच. ऑक्टोबरच्या फाइलमध्ये, जिथे असायला हवी तिथेच होती. नोव्हेंबरात समितीला उत्तर लिहिताना ती फाइल माझ्या मागच्याच कपाटात होती. मी उठले नव्हते.

चौथं पान. तू लिहिलं आहेस : २.१९(४) मायक्रोसेकंद. कंस आणि त्यातला चार यांच्यावर आडवी लाल रेघ आहे. समासात माझं अक्षर : 'संदर्भ ४ यादीत नाही. वगळला.'

आपल्या त्रैमासिकात संदर्भाचे क्रमांक कंसात देतात. हा नियम माझाच, पुस्तिकेतला सतरावा. तुझ्या लेखाखाली संदर्भ तीनच होते. मला वाटलं, चौथा तू काढून टाकलास आणि मजकुरातला आकडा तसाच राहिला. तुला फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला ते कळलंय अशी माझी खात्री होती.

ती प्रत सापडल्यावर मी ग्रंथालयात जाऊन बसले आणि वाचलं. मोजमापाच्या शेवटच्या अंकात किती फरक असू शकतो, ते असं कंसात देतात. २.१९(४) म्हणजे २.१५ ते २.२३ मधे कुठेही. तू तुझ्या यंत्राची मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली होतीस. मी ती पुसली. मग कोणीतरी म्हणालं की, मर्यादा सांगितली नाही म्हणजे आकडा खोटा. आणि मग मी लेखी कळवलं की, मी काहीच पुसलेलं नाही.

हे समजून तीन दिवस झाले. अजून कोणाला सांगितलेलं नाही. ते पान मी फाइलमधून काढून शिवणाच्या डब्यात ठेवलं आहे. पहिल्या दिवशी एक विचार आला तोही लिहिते. छपाईआधीच्या अंतिम मुद्रितावर तुझी सही आहे. न वाचता केलेली, 'काकूंनी बघितलंय म्हणजे झालं' असं म्हणून. मला वाटलं, समितीपुढे ती सही दाखवली की दोष वाटला जाईल. तसा एक परिच्छेद याच पत्रात लिहिला होता. ते पान फाडून हे नव्याने लिहिते आहे.

पान शिवणाच्या डब्यात, कारण त्या डब्याला सर हात लावत नाहीत. सरांपासून का लपवावं, असं तू विचारशील. माझा नवरा, तुला भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, तुला माझ्याकडे 'हिचं मराठी बघ जरा' म्हणून घेऊन आलेला माणूस.

तो शब्द आता सांगते. मोजमापातल्या त्या कमी-जास्त फरकासाठी तक्रारीत तीन ठिकाणी 'अनिश्चिती' आहे. सगळे 'अनिश्चितता' लिहितात. पुस्तिकेतही तोच शब्द आहे. पुस्तिका तयार होत असताना एक माणूस मात्र रोज जेवताना भांडायचा की, 'अनिश्चितता' जिभेवर अडखळते, 'अनिश्चिती' कर. मी केलं नाही. ते भांडण जेवणाच्या टेबलावरून बाहेर गेलेलं नाही. त्या टेबलाला खुर्च्या दोनच आहेत.

समितीचं पाकीट उघडलं त्या दिवशीच मला तो शब्द दिसला होता. तरी मी वरदकडे गेले. मला वाटत होतं, तो वरदच निघावा.

काकू

वाशी, २३ फेब्रुवारी २०२५

सुचिता,

दोन आठवडे मी सरांवर पाळत ठेवली. हा शब्द लिहिताना लाज वाटते, पण दुसरा नाही. ते काय लिहितात, पोस्टात जातात का, फोनवर कोणाशी बोलतात. त्यांच्या टेबलावरची रद्दी मी उलटून पाहिली. एकदा ते आंघोळीला गेले असताना त्यांचा संगणक उघडला. काही सापडलं नाही. त्यांनीही काहीतरी ओळखलं असावं. वर्तमानपत्राआडून माझ्याकडे बघायचे आणि मी बघितलं की पान उलटायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी राहिलो नव्हतो.

काल सकाळी चहा ठेवला आणि दोन्ही कागद टेबलावर मांडले, तक्रार आणि तुझं चौथं पान. तक्रारीतल्या त्या शब्दाभोवती मी तिन्ही ठिकाणी गोल केले होते.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू पहिल्याच दिवशी ओळखशील."

"ओळखलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी त्यात खोटं काय लिहिलं सांग. मोजलेल्या आकड्याला अनिश्चिती द्यायलाच हवी. मी पस्तीस वर्षं हेच शिकवलं. माझ्या विद्यार्थिनीने नाही दिली, तर मी विचारायचं नाही?"

"विचारायचं तिला. ती चार स्टेशनांवर राहत होती."

"ती आली का मला विचारायला? चार महिने यंत्र चाललं तिचं. मला एकदा दाखवायला नेलं नाही. लेखाच्या शेवटी गाळ्याच्या वायरमनचे आभार आहेत. माझं नाव नाही."

तेव्हा मला कळलं. सुचिता, तू त्यांना नेलं नाहीस, कारण त्या वेळी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि मीच तुला सांगितलं होतं की, त्यांना दगदग नको, इकडे येऊही नकोस. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. काल सांगितलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मी विचारलं, "सही का नाही केलीत?"

"तुझ्या अंकाविरुद्ध नवऱ्याची सही? लोक काय म्हणाले असते?"

"आणि आता काय म्हणतील?"

त्यांनी तुझं पान जवळ ओढलं. मला वाटलं, माझी लाल रेघ बघतायत. पण ते तो खोडलेला चार बघत होते. "दिली होती गं तिने," म्हणाले. "बरोबर दिली होती. एवढ्या साधनांवर चारच येणार." आणि मग हुंदका आल्यासारखा आवाज केला. त्यांना असं मी त्यांची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मला दया आली नाही. तुला खोटं कशाला लिहू? मी कप उचलले आणि आत गेले.

समितीला पत्र टाकलं आहे, भेटीची वेळ द्या म्हणून. सरांचं नाव त्यात लिहिलेलं नाही. लिहायचं की नाही, हे अजून ठरत नाही. माझी चूक मी सांगू शकते. त्यांची त्यांच्या पाठीमागे सांगितली, तर मीही निनावी पत्रच लिहिल्यासारखं होईल.

काकू

वाशी, ३० मार्च २०२५

चि. सुचिता,

समितीचं पत्र तुला मिळालं असेल. तरी त्या खोलीत काय झालं, ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

अठरा तारखेला गेले. सर आदल्या दिवसापर्यंत काही बोलले नव्हते. सकाळी मी निघाले तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. माझ्याबरोबर रिक्षात बसले. मला शेवटपर्यंत वाटत होतं की, ते मला आवरायला आले आहेत.

समितीच्या अध्यक्षा तरुण आहेत, चाळिशीच्या. मी चौथं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "नोव्हेंबरात मी तुम्हाला कळवलं ते खोटं होतं. मूळ प्रत न उघडता लिहिलं होतं. ही रेघ माझी आहे."

त्यांनी पान हातात घेतलं. "तुम्हाला हा कंस कळला नाही?"

"नाही."

"तुम्ही भौतिकशास्त्राच्या लेखनाची पुस्तिका लिहिली आहे ना?"

"हो."

त्यांनी पान फाइलीत ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सर उठले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तक्रार माझी आहे," म्हणाले. "श्यामसुंदर टिपणीस. लेखिका माझी विद्यार्थिनी. तिच्या कामाबद्दल मला जे वाटलं ते मी तिला न विचारता तुम्हाला लिहिलं, आणि नाव लपवलं. तिचं मोजमाप मी आता तपासलंय. ते योग्य आहे." हेच सविस्तर लिहून आणलं होतं, ते त्यांनी सहीनिशी पुढे ठेवलं. मी वाचलं, सवयीने. त्यात 'अनिश्चितता' होतं.

चौकशी बंद झाली. जागा अजून भरलेली नाही. अध्यक्षा म्हणाल्या, तुला जूनपासून रुजू होता येईल, पण गेलेले सहा महिने संस्था परत देऊ शकत नाही. तू ये किंवा येऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर आले असते का, मला सांगता येत नाही.

वरदला मी घरी बोलावून माफी मागितली. तो म्हणाला, "माझं टिपण छापणार का मग?" छापते आहे. त्यातल्या आकड्यांना हात लावण्याआधी त्याला तीनदा फोन केला. तो वैतागला.

शुद्धिपत्र पुढच्या अंकात पहिल्या पानावर येतं आहे, शेवटच्या पानावर बारीक टायपात नाही. 'मुद्रणदोष' हा शब्द घातलेला नाही. दोष मुद्रणाचा नव्हता. समितीला पाठवलेल्या चुकीच्या उत्तराबद्दलही त्यात लिहिलं आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे. संपादक म्हणून हा माझा शेवटचा अंक.

काल त्याचं कच्चं मुद्रित घेऊन पावण्याला तुझ्या आईकडे गेले. सुमित्राबाई दारातच उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत. पलीकडच्या कारखान्याचं यंत्र एवढं धडधडत होतं की मला मोठ्याने वाचावं लागलं. दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. मी वाचत राहिले. माझी चूक अशी मोठ्याने, रस्त्यावर वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो कंसातला चार म्हंजे काय?"

मी सांगितलं की, मोजलं तरी थोडं इकडेतिकडे होतंच, तर आपण किती चुकलो असू शकतो ते आकड्याच्या शेजारीच लिहून ठेवायचं.

"म्हंजे चुकायच्या आदीच सांगायचं?"

"हो."

"आनि माजे पोरीनं सांगितला व्हता?"

"हो. तिने सांगितलं होतं."

त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "मग बाई," त्या म्हणाल्या, "तुमी त्या सायबांना चिठी लिवली, मी काय खोडला नाय म्हनून, तवा तुमी कंस का नाय टाकला?"

शेजारणी माझ्याकडे बघत होत्या.

मग सुमित्राबाईंनी तो कागद घडी करून कनवटीला लावला आणि दारातून बाजूला झाल्या. "पानी घ्या," म्हणाल्या. "ऊन लय हाय."

मी आत जाऊन बसले. तुझ्याबद्दल आम्ही काही बोललो नाही. त्यांनी तुझा नंबर दिला नाही, आणि मी मागितला नाही.

अरुणा टिपणीस